एडवर्ड हिक्स याचें ‘शांतिराज्य’ : क्वेकर पंथाची शिस्त आणि लोकचित्रांतील भूमि

जुन्या पोथ्या जमविण्याचा व ताडून पाहण्याचा ज्यांस नाद आहे त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती समोर मांडल्या म्हणजे त्या जेथें एकमेकींशीं जुळतात तेथें ग्रंथकर्ता बोलत असतो. जेथें जुळत नाहींत तेथें नकलकार, त्याचा काळ आणि त्याचें गांव हीं बोलूं लागतात. पाठभेद टिपून घेण्याचें हें काम मीं शाळेची नोकरी संभाळून बरींच वर्षें संस्कृत पोथ्यांवर केलें. तेंच काम उतारवयांत चित्रांवर करावें लागेल असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

प्रसंग असा घडला. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांहीं रंगीत प्रतिकृतींचें पुडकें मजकडे पाठविलें. पुडकें सोडून पाहतों तों एकच चित्र पुन्हां पुन्हां हातीं येऊं लागलें. सिंह, बिबळ्या, लांडगा, अस्वल. त्यांच्याजवळ बैल, कोकरूं, करडूं. मध्यें एक बालक. आणि डाव्या बाजूस, दूर, नदीकांठीं उभीं असलेलीं कांहीं लहान लहान माणसें. प्रथम वाटलें कीं, पाठविणाऱ्यानें चुकून एकाच चित्राच्या अनेक नकला गुंडाळल्या. नीट पाहिल्यावर ध्यानांत आलें कीं, यांतलीं कोणतींहि दोन चित्रें सारखीं नाहींत. सोबतच्या पत्रांत विद्यार्थ्यानें एक प्रश्न विचारला होता : “गुरुजी, नदीकांठची ती मंडळी म्हणजे विल्यम पेन आणि तेथील मूळ रहिवासी यांचा १६८२ चा तह आहे, असें येथें सांगतात. हें चित्र त्या तहाचा पुरावा मानावें काय ?” त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें.

चित्रकाराचें नांव एडवर्ड हिक्स. त्याचा जन्म ४ एप्रिल १७८० रोजीं पेनसिल्वेनिया प्रांतांतील बक्स परगण्यांत अॅटलबरो (हल्लींचें लँगहॉर्न) येथें झाला. घराणें इंग्लंडच्या राजाशीं निष्ठा राखणारें व इंग्लिश चर्चचें अनुयायी. स्वातंत्र्ययुद्धांत राजपक्ष हरला तशी घरची सुस्थितीहि गेली. मूल दीड वर्षांचें असतांना आई वारली आणि एलिझाबेथ ट्वायनिंग नांवाच्या एका क्वेकर शेतकऱ्याच्या पत्नीनें त्याला आपल्या घरीं वाढविलें. या बाईचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ती पुढें पुन्हां भेटणार आहे. तेराव्या वर्षीं मुलाला टॉमलिन्सन यांच्या घोडागाड्यांच्या कारखान्यांत उमेदवारीस ठेवलें. तेथें सात वर्षांत तो गाड्या रंगविणें, त्यांवर वेलबुट्टी काढणें व अक्षरें घालणें शिकला. चित्रशाळेंत तो कधीं गेला नाहीं. १८०३ सालीं त्याला क्वेकरांच्या मंडळींत प्रवेश मिळाला, त्याच वर्षीं सॅरा वर्स्टॉल हिच्याशीं त्याचें लग्न झालें, १८११ सालीं तो न्यूटाऊन गांवीं राहावयास गेला, आणि १८१२ सालीं पंथानें त्याला उपदेशक म्हणून मान्यता दिली.

आतां या पंथाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशांतून हा समाज निघाला. त्यांचें स्वतःचें नांव ‘मित्रसमाज’. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे, हें लोकांनीं हिणवून ठेवलेलें नांव पुढें रूढ झालें. प्रत्येक मनुष्याच्या ठायीं ईश्वराचा अंतःप्रकाश आहे, हें त्यांचें मूळ तत्त्व. तेव्हां मध्यें पुरोहित नको, मूर्ति नको, गायन-वादन नको. भिंती कोऱ्या असलेल्या साध्या घरांत मंडळी निःशब्द बसते आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. सर्वांच्या ठायीं तोच प्रकाश असल्यामुळें कोणापुढें टोपी काढावयाची नाहीं. राजालाहि एकवचनीच बोलावयाचें. खरें बोलणाऱ्यास शपथ कशाला, म्हणून शपथ घ्यावयाची नाहीं. शस्त्र धरावयाचें नाहीं. वारांना व महिन्यांना जुन्या देवतांचीं नांवें आहेत म्हणून तींहि टाकून ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असें लिहावयाचें. (कागदपत्रें तपासणारांसाठीं एक सूचना : १७५२ पूर्वींच्या क्वेकर कागदांत ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, त्यानंतरच्या कागदांत जानेवारी. आपल्याकडील अमान्त-पूर्णिमान्ताच्या घोटाळ्यांत जे फसले आहेत त्यांना याचें महत्त्व पटेल.)

अशा पंथांत चित्रकार कसा निपजावा ? हिक्सच्या आयुष्यांतील गांठ ती हीच. क्वेकर उपदेशकाला वेतन नसतें. दूरदूरच्या सभांना जाण्याचा खर्च व घरचा संसार त्याला स्वतःच्या हातांच्या कामावर चालवावा लागे. त्याच्या हातांतलें काम म्हणजे रंगकाम. गाड्या आणि दुकानांच्या पाट्या यांपर्यंत तें चालण्यासारखें होतें. पण पाटी पथिकाश्रमाची किंवा मद्यगृहाची असली आणि तिच्यावर डौलदार चित्र असलें, म्हणजे मंडळींतील कडव्या माणसांच्या कपाळाला आंठ्या पडत. हिक्सला स्वतःलाहि ती टोंचणी होती. मधल्या काळांत त्यानें कुंचला ठेवून शेती करून पाहिली. शेतींत तो बुडाला, कर्ज झालें, आणि हितचिंतकांच्या आग्रहावरून तो पुन्हां रंगाकडे वळला. त्याच्या मृत्यूनंतर १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत त्यानें आपल्या कलेविषयीं काढलेले उद्गार वाचून आश्चर्य वाटतें. चित्रकला ही क्षुद्र आहे, मनुष्यजातीचें तिनें खरें हित कधीं केलें नाहीं, असाच त्यांचा भाव आहे. ज्या हातानें हें लिहिलें त्याच हातानें एका विषयाचीं साठांहून अधिक चित्रें काढलीं. आज बासष्ट ज्ञात आहेत असें सामान्यतः सांगतात.

तो विषय असा. यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथांत यशया नांवाच्या प्रवक्त्याचा भाग आहे. त्याच्या अकराव्या अध्यायांत येणाऱ्या धर्मराज्याचें वर्णन आहे : हिंस्र पशु व गरीब जनावरें एकत्र नांदतील, सिंह बैलाप्रमाणें कडबा खाईल, आणि एक लहान मूल त्या सर्वांना हांकून नेईल. आपल्या वाचकांना याचें नवल वाटणार नाहीं. पाणिनीनें ज्यांचा विरोध शाश्वतिक मानला त्या प्राण्यांचा द्वंद्वसमास एकवचनांत होतो, हें आपण लहानपणीं घोकलें आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत साधनपादांत अहिंसा दृढ झालेल्या पुरुषाच्या सान्निध्यांत वैर गळून पडतें असें सांगितलें आहे. आणि बाणभट्टाच्या जाबालिऋषीच्या आश्रमांत तर हें दृश्य प्रत्यक्षच आहे. भेद मात्र आहे, आणि तो या लेखाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वैर गळतें तें तपस्व्याच्या प्रभावानें. हिक्सच्या चित्रांत तपस्वी नाहींच. तेथें प्रत्येक पशूला आपलें पशुत्व आपणच सोडावयाचें आहे, आणि तें त्याला किती जड जात आहे हें त्याच्या डोळ्यांत दिसतें.

१८३७ सालीं व्हर्जिनियांत गूज क्रीक येथील सभेंत हिक्सनें जें प्रवचन केलें त्यांत ही किल्ली त्यानें स्वतःच दिली आहे. युरोपच्या जुन्या वैद्यकांतील चार प्रकृति त्यानें चार श्वापदांना वांटून दिल्या : लांडगा विषण्ण प्रकृतीचा, बिबळ्या रंगेल व चंचल, अस्वल मंद व लोभी, सिंह तापट व गर्विष्ठ. कोकरूं, करडूं, गाय आणि बैल हीं अहंकार सोडलेल्या मनुष्याचीं रूपें. आपल्या वैद्यांचे दोष तीन, त्यांचे चार, एवढाच फरक. तेव्हां चित्रांतील बिबळ्या हा अरण्यांतला नव्हे, तो न्यूटाऊनच्या सभेंत बांकावर बसलेला आहे, आणि कित्येकदां तो स्वतः हिक्सच आहे.

आतां प्रती ताडून पाहूं. आरंभींचीं चित्रें १८२० च्या सुमारास सुरू होतात. यांची मूळ प्रत ठाऊक आहे : रिचर्ड वेस्टॉल या इंग्लिश चित्रकाराचें एक चित्र, जें ठशांवरून छापून बायबलच्या प्रतींत घालीत. बालकानें सिंहाच्या मानेवर हात टाकला आहे ही मांडणी तेथूनच उचललेली. पुष्कळ आरंभींच्या चित्रांभोंवतीं चौकट आहे आणि तिच्यावर यशयाच्या वचनाचें पद्य सुबक अक्षरांत रंगविलेलें आहे. पाट्या रंगविणाऱ्याचा हात येथें लपत नाहीं. मागचा देखावाहि उसना आहे. कांहीं चित्रांत पशूंच्या मागें व्हर्जिनियांतील प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल दिसतो. तो हिक्सनें घेतला हेन्री टॅनर याच्या १८२२ च्या उत्तर अमेरिकेच्या नकाशावरून. त्या नकाशाच्या शीर्षकाभोंवतीं शोभेसाठीं हा पूल व नायगाराचा धबधबा काढलेला आहे. नायगारा तर हिक्सनें १८१९ सालीं स्वतः पाहिला होता. तरीहि १८२५ च्या सुमारास त्याचें चित्र काढतांना आधार घेतला तो त्याच नकाशाचा. नकाशांच्या कडेची नक्षी कोणी पाहत नाहीं असें समजणाऱ्या संग्राहकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

यांत हिक्सचा कमीपणा मी मानीत नाहीं. डोळ्यांनीं पाहिलेलें असतांहि छापील नमुना समोर ठेवणें ही गाडीरंगाऱ्याची शिस्त झाली. नवें कांहीं निर्माण करून वाहवा मिळविणें हा अहंकाराचा मार्ग. दुसऱ्याचें चांगलें घेऊन कामाला लावणें हा नम्र. आपले लेखक-नकलकार पोथीच्या शेवटीं जसें दिसलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये असें लिहीत, त्यांना हा स्वभाव समजेल.

मग १८२७ साल येतें, आणि पाठभेद एकदम वाढतात. त्या वर्षीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत क्वेकर समाज दुभंगला. एका बाजूस शहरांतील संपन्न पुढारी. ते बायबलच्या शब्दाला व ठराविक मतांना अधिक मान देऊं लागले होते. दुसऱ्या बाजूस बहुतेक खेड्यांतील शेतकरी. त्यांचें म्हणणें, अंतःप्रकाश हाच प्रमाण. या दुसऱ्या पक्षाचा पुढारी इलायस हिक्स हा लाँग आयलंडवरील वृद्ध उपदेशक, आपल्या चित्रकाराचा नातलग. त्याच्यावरून त्या पक्षाला हिक्साइट असेंच नांव पडलें. शस्त्र न धरणाऱ्या लोकांत सभागृहें, शाळा व स्मशानें कोणाचीं यावरून भांडणें लागलीं. एडवर्ड हा इलायसचा कडवा अभिमानी. त्याची जीभ तिखट होती आणि त्याचें त्याला नंतर दुःख होई.

या वेळच्या कांहीं चित्रांत, १८२९-३० च्या सुमारास, नदीकांठचा तह अदृश्य होतो व त्याच्या जागीं क्वेकरांची एक लांबच लांब रांग टेकडीवर चढत गेलेली दिसते. त्यांच्या हातीं एक लांब फीत आहे व तिच्यावर पृथ्वीवर शांति नांदो अशा अर्थाचीं अक्षरें. पुढें उभा असलेला, हातीं रुमाल धरलेला वृद्ध म्हणजे इलायस हिक्स. तो १८३० सालीं वारला. पक्षाभिमानाचें इतकें उघड चित्र हिक्सनें पुन्हां फारसें काढलें नाहीं. पण पशूंच्या मुद्रा बदलल्या त्या बदलल्याच. १८३० नंतरच्या दशकांत सिंहाचे डोळे विस्फारलेले, बिबळ्या पुढें येऊन अंग ताणून पडलेला, आणि मागें भंगलेल्या झाडाचा बुंधा. जनावरें एकत्र आहेत; सुखांत नाहींत. पुढें १८४० नंतरच्या चित्रांत तीं एकमेकांपासून दूर होतात. सिंह म्हातारा झाला आहे, त्याच्या मिशा पांढऱ्या आहेत, आणि तो कोणाकडे पाहत नाहीं. पोथीचा मूळ पाठ यशयाचा, तो बदलत नाहीं. जें बदलतें तें नकलकाराचें वय आणि त्याच्या मंडळीचा इतिहास.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. विल्यम पेन याला १६८१ सालीं इंग्लंडच्या राजाकडून या प्रांताची सनद मिळाली व १६८२ सालीं तो तेथें उतरला. परंपरा सांगते कीं, डेलावेअर नदीकांठीं शॅकामॅक्सन येथें एका मोठ्या एल्म वृक्षाखालीं त्यानें लेनापे लोकांशीं कायमच्या मैत्रीचा तह केला. राजाची सनद असतांहि ज्यांची भूमि त्यांच्याशीं बोलून, शस्त्रें न नेतां, देऊन-घेऊन वसाहत करावयाची, ही क्वेकर नीति. आणि पेनच्या हयातींत ती बऱ्याच अंशीं पाळली गेली यांत शंका नाहीं. शपथेशिवाय झालेला आणि न मोडलेला हा एकच तह, असें व्होल्तेर या फ्रेंच ग्रंथकारानें त्याचें कौतुक केलें. परंतु या तहाचा अस्सल कागद उपलब्ध नाहीं. ज्या झाडाखालीं तो झाला म्हणतात तें झाड १८१० सालीं वादळांत पडलें. लोकांनीं त्याच्या लांकडाचे डबे व खुर्च्या करून घरोघर जपल्या. जागेवर दगडी स्तंभ उभा राहिला तो १८२७ सालीं, म्हणजे समाज दुभंगला त्याच वर्षीं. शंखमण्यांचा एक पट्टा आहे, त्यावर हातांत हात घेतलेल्या दोन मनुष्याकृति विणलेल्या आहेत. तो पेनच्या वंशजानें १८५७ सालीं पेनसिल्वेनियाच्या इतिहास-मंडळास दिला. तो त्याच तहाचा, ही मात्र परंपरा.

आणि चित्र ? हिक्सच्या चित्रांतील तह त्यानें बेंजामिन वेस्ट याच्या चित्रावरून घेतला, तेंहि १७७५ सालीं निघालेल्या छापावरून. वेस्टनें तें चित्र लंडनमध्यें १७७१-७२ सालीं, म्हणजे प्रसंगानंतर नव्वद वर्षांनीं काढलें. त्यांत पेन स्थूल व पोक्त आहे. १६८२ च्या अखेरीस तो अवघा अडतीस वर्षांचा होता. अंगावरचे कपडे वेस्टच्या बालपणींच्या क्वेकरांचे आहेत. मागें पक्कीं घरें उभीं आहेत, जीं तेव्हां बांधलींच नव्हतीं. कालविसंगतीचीं इतकीं लक्षणें एखाद्या कागदांत आढळलीं असतीं तर आपण तो बनावट म्हणून बाजूस ठेवला असता. तेव्हां १६८२ सालाविषयीं साक्ष म्हणून हिक्सचें चित्र नकलेची नक्कल आहे. त्याला प्रामाण्य नाहीं.

येथेंच थांबलों असतों तर उत्तर पुरें झालें असतें. पण वेस्टकडून तें चित्र कोणी काढविलें हें पाहतां प्रकरणाला निराळाच रंग चढतो. काढविणारा थॉमस पेन, विल्यमचा पुत्र. यानें बापाचा पंथ सोडला होता. १७३७ सालीं त्यानें व त्याच्या अधिकाऱ्यांनीं लेनापे लोकांपुढें १६८६ च्या एका कथित कराराची नक्कल ठेवली. अस्सल दाखविला नाहीं. तींत अशी अट सांगितली कीं, एका ठराविक ठिकाणापासून मनुष्य दीड दिवसांत जितका चालेल तितकी भूमि पेनची. आरंभाचें ठिकाण बक्स परगण्यांतील राइट्सटाऊन, हिक्सच्या न्यूटाऊनपासून कांहीं मैलांवर. अगोदर झाडी तोडून वाट साफ करून ठेवली, निवडून तीन चपळ माणसें सोडलीं; त्यांतील एडवर्ड मार्शल हा एकटाच शेवटपर्यंत टिकला, आणि दीड दिवसांत साठ मैलांहून पुढें गेला. तेथून नदीकडे रेषा काढतांना ती जवळच्या वाटेनें न काढतां तिरपी ओढली. या एका चालण्यानें सुमारें बारा लक्ष एकर भूमि लेनापे लोकांच्या हातून गेली.

१७५६ सालीं ईस्टन येथील सभेंत लेनापेंचा पुढारी टीडियस्कंग यानें ही फसवणूक तोंडावर बोलून दाखविली. फिलाडेल्फियाचे पुष्कळ क्वेकर त्याच्या बाजूस उभे राहिले. पुढच्या वर्षीं त्यानें मागणी केली ती आपल्या मंडळींतील कोणासहि मनापासून पटेल अशी : सभेंत आपला स्वतःचा लेखक असावा, आणि जुन्या करारांच्या नकला आपणांस मिळाव्या. लेखक मिळाला तो चार्ल्स थॉमसन, क्वेकरांच्या शाळेंत लॅटिन शिकविणारा एक मास्तर. यानेंच १७५९ सालीं लेनापेंचें मन कां बिथरलें याची कागदपत्रांसह चौकशी ग्रंथरूपानें छापली. शाळामास्तराच्या हातून इतिहासाची अशी सेवा घडलेली वाचून मला वैयक्तिक आनंद झाला हें लपवीत नाहीं.

म्हणजे स्थिति अशी : जो तह चांगला, त्याचा कागद नाहीं, जो व्यवहार वाईट, त्याचा कागद आहे, आणि तोहि संशयास्पद. वाईट व्यवहाराच्या कर्त्यानेंच पुढें चांगल्या तहाचें भव्य चित्र काढविलें. ती ढाल होती असें माझें मत आहे. हिक्सनें तेंच चित्र उचललें, पण निराळ्या हेतूनें. राइट्सटाऊनची चाल त्याच्या एकाहि चित्रांत नाहीं, आणि ही त्याच्या चित्रांतील मोठी उणीव आहे असें मी म्हणतों. शेजारच्या गांवांत घडलेल्या अन्यायावर एवढ्या तिखट जिभेच्या माणसानें रंग घालूं नये याचें वाईट वाटतें. तरीहि त्यानें तह यशयाच्या पशूंच्या मागें, त्याच नदीच्या कांठीं ठेवला, तो धन्याची स्तुति म्हणून नव्हे. एक वेळ या आमच्या भूमीवर असें घडलें होतें, तर आज भाऊ भावाशीं कां भांडतो, हें त्याला आपल्याच मंडळीला विचारावयाचें होतें. १६८२ विषयीं तें चित्र मुकें आहे. १८२७ नंतरच्या बक्स परगण्याविषयीं त्याच्याइतका समकालीन व प्रामाणिक पुरावा मिळणें कठीण.

शेवटच्या तीन-चार वर्षांतील चित्रांविषयीं लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं, कारण मला स्वतःला तींच सर्वांत आवडलीं. यांत श्वापदें नाहींत. केवळ शेती आहे. ट्वायनिंग यांच्या शेतमळ्याचें चित्र त्यानें एकाहून अधिक वेळां काढलें, आणि त्यावर साल घातलें १७८५ चें. म्हणजे पांच वर्षांच्या वयांत पाहिलेलें घर साठी उलटलेला मनुष्य आठवून काढतो आहे. घर, कुंपण, गुरें, फाटकाशीं उभा असलेला डेव्हिड ट्वायनिंग, आणि उजव्या कोंपऱ्यांत मांडीवर बायबल घेऊन बसलेली एलिझाबेथबाई. तिच्या गुडघ्याशीं टेकून एक मूल ऐकत आहे. तें मूल हिक्स. सर्व शांतिराज्यांतील तें बालक कोठून आलें याचा उलगडा मला येथें झाला. ज्याला आई नव्हती त्याला शांति म्हणजे काय हें या गुडघ्याशींच प्रथम कळलें असावें.

याच सुमाराचें, १८४७-४८ चें, दुसरें एक चित्र पेनच्या समाधिस्थानाचें. इंग्लंडांत बकिंगहॅमशायरमधील जोर्डन्स येथें १७१८ सालीं त्याला पुरलें. याच बकिंगहॅमशायरवरून हिक्सच्या परगण्याला ‘बक्स’ हें नांव पडलें. क्वेकरांच्या प्रथेप्रमाणें तेथें त्या वेळीं नांवाची शिळा नव्हती. हिक्स इंग्लंडला कधीं गेला नाहीं. हेंहि चित्र छापावरून घेतलेलें. साधी भूमि, साधें सभागृह, आणि ज्याच्या नांवानें प्रांत ओळखला जातो त्याचें नांव कोठेंच नाहीं.

कॉर्नेल यांच्या मळ्याचें १८४८ चें चित्र हल्लीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रालयांत आहे. सुमारें तीन फूट उंच व चार फूट रुंद. पुढें आडव्या ओळींत बैल, गाई, घोडे व इतर जनावरें, एकेक सुटें व स्पष्ट, जणूं मोजून घ्यावीं म्हणून उभीं केलेलीं. मागें घर, धान्याचें कोठार, कुंपणें, शेतें. प्रत्येक वस्तूची कड धारदार, कारण पाटी दुरून वाचतां आली पाहिजे. गुरें व शेती यांना येथें राजाच्या तसबिरीइतकाच मान दिला आहे, आणि कोणीहि कोणाहून मोठा काढलेला नाहीं. टोपी न काढणाऱ्या पंथाचें हें चित्र आहे. पशूंची जी ओळ शांतिराज्यांत वैर गिळून कशीबशी बसली होती ती येथें मोकळ्या हवेंत उभी आहे. सिंहानें कडबा खाण्याची वाट पाहण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. खाणारा बैलच समोर आहे.

चित्राच्या खालीं पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें लेख आहे : हा देखावा कोणाच्या शेताचा व गुरांचा, तें कोणत्या गांवीं, शेतकी मंडळीचें बक्षीस त्यांना कोणत्या तारखेस मिळालें, आणि काढणाऱ्याचें वय कितवें चालू होतें. स्थान, काल, धनी व लेखक हीं चारी अंगें पुरीं. पुष्पिका अशी असावी ! त्यांत एक गंमत आहे. तारीख घातली आहे १२ ऑक्टोबर १८४८, आणि महिन्याचें नांव प्रापंचिक रीतीनें लिहिलें आहे. क्वेकर रीतीनें तेथें ‘दहावा महिना’ हवा होता. शेतकी मंडळीच्या बक्षिसाची तारीख शेतकी मंडळीच्याच भाषेंत लिहिली असेल. एवढ्यावरून त्याचा कडवेपणा ढिलावला असें म्हणण्याची माझी तयारी नाहीं. पण भावाशीं महिन्याच्या नांवावरून भांडण्याचें वय मागें पडलें होतें, एवढें म्हणतां येईल.

१८४९ सालीं त्यानें लीडम यांच्या मळ्याचें चित्र पुरें केलें. त्याच वर्षीं २३ ऑगस्ट रोजीं न्यूटाऊन येथें तो वारला. अंत्ययात्रेस हजारों माणसें लोटलीं, आणि तीं चित्रकारासाठीं आलेलीं नव्हतीं. आपल्या उपदेशकाला पोंचविण्यासाठीं आलीं होतीं. चित्रें ज्याच्या त्याच्या घरीं भिंतीवर राहिलीं, आणि संग्राहकांचा डोळा त्यांकडे वळावयास पुढें सुमारें ऐंशी वर्षें जावीं लागलीं.